मीठ घातलेला बर्फ

निवृत्त होऊन चार वर्षं होत आली, तरी शांती नगरात आमच्या मजल्यावर माझी ओळख अजून ‘लॅबवाली मॅडम’ अशीच आहे. समोरचे अंकल दर तीन महिन्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन दारात उभे असतात. “मॅडम, जरा देख लो ना, ये ज़्यादा है तो अच्छा या कम है तो अच्छा?” मी दरवेळी सांगते, “अंकल, मैंने ज़िंदगी में किसी का खून टेस्ट नहीं किया.” त्यांचा विश्वास बसत नाही. एकदा ते जरा रागावूनच म्हणाले, “तो फिर तीस साल आप वहाँ करती क्या थीं?”

प्रश्न रास्त आहे. तीस वर्षं मी काप काढत होते.

मुंबईतल्या एका इस्पितळाच्या तळघरात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा विभाग होता. तिथे मी टेक्निशियन. माणसाच्या अंगातून काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा आमच्याकडे द्रावणात बुडून यायचा. तो काळा रंगवायचा, त्यातलं पाणी काढून घ्यायचं, पातळ राळेत बसवायचा आणि भट्टीत ठेवून द्यायचा. दोन दिवसांनी मधाच्या रंगाचा, बोटाच्या पेराएवढा कडक ठोकळा हातात यायचा. त्याचे काप काढणं हे माझं काम. किती पातळ? डोक्यावरचा एक केस घ्या आणि त्याच्या जाडीचे हजार भाग करा. त्यातला एक. सुरी हिऱ्याची असते. तिच्या मागे पाण्याचं इवलंसं डबकं असतं आणि काप सुटला की त्या पाण्यावर तरंगत बाहेर येतो. तो डोळ्याला दिसतो तो त्याच्या रंगाने. जांभळा असला तर जाड झाला, सोनेरी बरा, चंदेरी उत्तम. माझे काप चंदेरी निघायचे. ह्यात माझा हात धरणारं विभागात कोणी नव्हतं, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे.

हे काप उचलायचे कशाने? चिमटा लावला तर चुरा. त्यासाठी लागतो पापणीचा केस. दात कोरायच्या काडीच्या टोकाला नेलपॉलिशने चिकटवलेला एक केस. थाप मारत नाही, जगभर असंच करतात. माझ्या पापण्या लांब होत्या. आमच्या विभागप्रमुख कामत मॅडम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायच्या, “सुलभाकडून एक केस मागून घे.” मला बघायला आलेल्यांनी ज्यांचं कौतुक केलं होतं, त्या पापण्या पुढे अशा वाटून संपल्या.

मग तांब्याच्या इवल्याशा जाळीवर काप घेऊन मी अंधाऱ्या खोलीत जायची. बाहेर भर दुपार असायची, वरच्या मजल्यांवर माणसांची झुंबड. आत फक्त यंत्राची घरघर आणि पडद्यावरचा हिरवा उजेड. एकेक बटण फिरवत खाली खाली उतरायचं. सुरुवातीला कातडीतल्या पेशी दिसायच्या, एकमेकींना लागून, मध्ये बांध. माझं माहेर भाईंदरच्या खारी गावचं. आमची मिठागरं होती. लहानपणी बाबांच्या मागे बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना पाणी चमकायचं आणि कुठल्या कप्प्यात पाणी आहे, कुठल्यात आकाश आहे ते कळेनासं व्हायचं. पडद्यासमोर बसले की मला तसंच व्हायचं. मिठागरं गेली, तिथे इमारती आल्या. त्या खोलीत मात्र मी रोज त्या बांधावर जाऊन यायची.

आणखी खाली उतरलं की पिशव्या दिसायच्या. पेशीच्या आत असंख्य पिशव्या असतात, इतक्या लहान की एका पेशीत किती ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. पेशी सारखी प्रथिनं बनवत असते. बनवलेलं प्रथिन पिशवीत बसतं, पिशवी जिथे बनते त्या पडद्यातून, आईच्या पदरातून सुटावी तशी, चिमटून सुटते, वाटेने जाते, जिथे जायचं तिथल्या भिंतीला टेकते आणि तिच्यात मिसळून जाते. माल पोचला. एकदा एका संशोधकासाठी मी आठ महिने काप काढत होते आणि एका दुपारी अशी एक पिशवी मला सुटता सुटता सापडली. अंग बाहेर आलेलं, मान अजून अडकलेली. त्या क्षणाला द्रावणात बुडाली आणि तशीच राहिली. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसले. वाटलं, आपण डोळे मिटले की ही सुटून जाईल.

आमच्या यंत्रात काहीच हलत नाही. सगळं थांबलेलं असतं. पण आता दुपारी डोळा लागला की मला त्या पिशव्या हलताना दिसतात. हिरव्या उजेडात, सावकाश, एकामागून एक निघालेल्या.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले, तिच्याकडे येते. मी ती इतकी वर्षं कोणाला सांगितलेली नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका सकाळी पालीहून एक बाई आली. पाली म्हणजे उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव. ज्युली तिचं नाव, पंचविशीची असेल. तिच्या मुलीच्या, रेचलच्या, कातडीचा तुकडा आदल्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या एका इस्पितळात काढला होता. तोवर आमचा विभाग बंद झालेला, म्हणून बाटली तिच्याच हातात देऊन, ‘थंड ठेवा, सकाळी नेऊन द्या’ असं सांगितलं होतं. रेचल चौदा महिन्यांची. बसत नव्हती, हिरड्या जाड, बोटं आखडलेली, वाढ थांबलेली. कागदावर खाली लाल शाईत लिहिलं होतं: आई दोन महिन्यांची गरोदर, तातडीचं.

ह्या शेवटच्या ओळीचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. रेचलच्या आजाराला नाव मिळालं, तरच पोटातल्या बाळाला तोच आजार आहे का हे तपासता येणार. आणि ती तपासणी तिसऱ्या महिन्यात व्हायला हवी. नाव देणं आमच्या हातात होतं.

ज्युलीने थर्माकोलचा मासळीचा खोका उघडला. आत चुरलेला बर्फ. त्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली, आणि शेजारी तशीच एक पाण्याची.

“थंड ठेव बोलला डाक्टर,” ती म्हणाली. “रातभर बरफात ठेवलाय.”

मी बाटली उचलली आणि माझ्या बोटांना खरखर लागली. बर्फात जाडं मीठ होतं. मी मिठाच्या घरची. बर्फात मीठ घातलं की तो गोठणबिंदूच्याही खाली जातो, हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. आणि आमच्या धंद्यात तुकडा थंड चालतो, गोठलेला चालत नाही. गोठला की पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते पेशी आतून फोडतात, आणि पडद्यावर नुसती भोकं दिसतात. मी मनात म्हटलं, झालं! वाया गेला हा.

चार दिवसांनी मी काप काढले, आत गेले, बटण फिरवलं. भोकं. पेशीच्या पेशी भोकांनी भरलेल्या, पांढऱ्या, रिकाम्या. मला आश्चर्य वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, कारण मी आधीच ओळखलं होतं. कामत मॅडमना दोन फोटो दाखवले आणि मिठाचं सांगितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास. कागदावर सही त्यांची, शब्द माझे: नमुना गोठल्यामुळे निकामी, नवीन नमुना पाठवावा.

तेवढ्यावर थांबायचं की नाही? मी ज्युलीला स्वतः फोन केला.

“बर्फात मीठ कशाला घातलंत? सगळं फुटलंय आत. आता पोरीला पुन्हा टोचावं लागेल.”

मग ती म्हणाली, “चुकी झाली मॅडम.”

नवीन नमुना आला नाही. आठवडा गेला, दोन गेले. मी दुसऱ्या कामात बुडाले.

आमच्याकडे एक खण होता, बिघडलेल्या नमुन्यांचा. शिकायला येणाऱ्यांना काय करू नये हे दाखवायला ते ठोकळे ठेवायचो. सहा आठवड्यांनी बाहेरगावचे काही टेक्निशियन शिकायला येणार होते, म्हणून बर्फाची करामत दाखवायला मी रेचलचा ठोकळा काढला आणि नवे काप घेतले. त्या दिवशी हात फार सुंदर चालत होता. चंदेरी फीत पाण्यावर सरकत गेली आणि मी स्वतःवर खूष होत अंधाऱ्या खोलीत शिरले.

पडद्यावर तीच भोकं. ह्यावेळी घाई नव्हती, म्हणून मी एका भोकापाशी थांबले. त्याला कड होती. बारीक, सलग, नीट शिवल्यासारखी. शेजारच्याला होती, त्याच्या शेजारच्यालाही होती. बर्फ कड शिवत नाही, तो फाडतो. मी जाळी सरकवली. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी धडधाकट होत्या, एक भोक नाही. मधले तंतू सरळ, विंचरल्यासारखे. बर्फ निवडून निवडून फोडत नाही. फोडायचं तर सगळंच फोडतो.

ती भोकं नव्हती. त्या पिशव्या होत्या. ज्या पिशव्यांत जुनी प्रथिनं मोडायची आणि त्यांचे तुकडे पुन्हा वापरायला काढायचे, त्याच. फुगून तट्ट झालेल्या, आतलं काही न मोडता.

उठून दिवा लावायचंही सुचेना. त्या हिरव्या उजेडात मी बसून राहिले, आणि कधी नव्हे ते मला तिथून बाहेर पळावंसं वाटलं.

कामत मॅडमनी फोटो पाहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. “सुलभा, अगं हाच तर आजार,” त्या म्हणाल्या. नाव पक्कं करायला आता रेचलचं रक्त हवं होतं. ज्युलीचा फोन लागेना. मॅडम म्हणाल्या, माणूस पाठवू. मी म्हटलं, मीच जाते. “तू कशाला?” त्यांनी विचारलं, तेव्हा मी पत्ता उतरवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पालीला उतरले. घरांच्या मधून एक स्कूटर जेमतेम जाईल एवढी वाट, उन्हात वाळणारी मासळी, समुद्र दिसत नव्हता पण ऐकू येत होता. विचारत विचारत घर सापडलं. दारात ज्युलीची सासू. मी कुठून आले हे सांगताच तिचा चेहरा फिरला.

“आता कशाला आल्याव? तुमीच सांगितला ना, हिनं बिगडवला? ती बोलते, परत पोरीला टोचतील आन परत माज्या हातानं खराब व्हईल. जात न्हाय ती.”

म्हणजे मी फोन केला नसता, नुसता कागद गेला असता, तर कदाचित ती दुसरा तुकडा घेऊन केव्हाच आली असती. दारात उभी असताना मला हे कळलं.

ज्युली आतून आली. कडेवर रेचल. पोट आता दिसत होतं. इतक्या वर्षांत मी इस्पितळात माझी खारीची बोली तोंडातून बाहेर काढली नव्हती. त्या दारात ती आपसूक आली.

“बाय, मी खारीची हाय. आगऱ्याची पोर. तुज्या बरफानं काय न्हाय झाला. चुकी माजी हाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “गोठला नव्हता?”

“न्हाय.”

“मना माहीत होता,” ती म्हणाली. “त्याच्या बाजूला पान्याची बाटली ठेवलेली मी. तसाच कपरा गुंडालून. सकालच्याला हलवून बगितली, पानी तसाच होता. पानी न्हाय गोठला, तं तो कसा गोठंल?”

मला ती बाटली आठवली. खोक्यात होती. मला वाटलं होतं, वाटेत प्यायला घेतलेलं पाणी. आम्ही ज्याला प्रयोगातलं कंट्रोल, म्हणजे ताडून बघायला शेजारी ठेवलेला साधा नमुना, म्हणतो आणि ज्यावर शिकाऊ लोकांना तासभर भाषण देतो, ते ह्या बाईने आपल्या आपण, मासळीच्या खोक्यात करून ठेवलं होतं.

मग तिने विचारलं, रेचलला झालंय काय. कामत मॅडमनी सांगितलेले शब्द माझ्या तोंडी होते, पण ते तिथे उपयोगाचे नव्हते. माझे यजमान भाईंदर पूर्वेला भांड्यांवर नावं घालतात. स्टीलच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसलेले असतात. मी तेच घेतलं.

“लग्नाला शेजारची भांडी आनतो का न्हाय आपन? नाव असला तं ज्याचा त्याच्या घरी परत जातं. पेशीत पन तसाच. जुना मोडायची जी हत्यारा हायत, त्यांच्यावर नाव घालतात, मंग ती आपापल्या पिशवीत जातात. रेचलच्या अंगात हत्यारा बनतात, पन नाव घालनारा न्हाय. मंग ती भलतीकडंच जातात, बाहेर रक्तात. आन आतल्या पिशव्यांत जुना तसाच साचतं.”

ज्युली मन लावून ऐकत होती. रेचल तिच्या मंगळसूत्राचा मणी आखडलेल्या बोटांनी धरायला बघत होती.

“मंग आता घालता येल नाव?”

“न्हाय बाय.”

तिने मान खाली घातली. सासूने आत जाऊन भांड्यांचा आवाज केला. मग ज्युलीने आपल्या पोटावर हात ठेवला. “आन ह्याच्या?”

“ते बगता येल. अजून येल.”

ती सोमवारी आली. रक्तात ती मोडणारी प्रथिनं, म्हणजे मी सांगितलेली हत्यारं, प्रमाणाबाहेर सापडली, जिथे असायला हवीत तिथे नव्हती. आजाराला नाव मिळालं. पण तिसरा महिना उलटून गेला होता. आता गर्भाभोवतालचं पाणी काढून उशिराची तपासणी करायची, आणि निकालाला आणखी काही आठवडे. त्या आठवड्यांत पोटातलं बाळ हलायला लागलं. ज्युली ते कोणाला सांगत नसे. मला फोनवर एकदाच म्हणाली, “हलतंय बाय. मी त्याच्याशी बोलत न्हाय अजून.” ते आठवडे मी तिला दिले होते. वेळेवर एका भोकाची कड बघितली असती, तर ते तिच्या वाट्याला आले नसते. अंधाऱ्या खोलीत बसले की मला पडद्यावर काहीच धड दिसेना. मी काप जाड काढू लागले.

निकाल चांगला आला. मुलगा झाला, धडधाकट.

रेचल पुढे साडेचार वर्षांची होऊन गेली. ती हसायची खूप, हे मला सांगायचंच आहे. कागदावर असल्या गोष्टी लिहायला जागा नसते.

मुलाच्या बाप्तिस्म्याला ज्युलीने मला बोलावलं, तेव्हा रेचल होती. पांढरा फ्रॉक घालून आजीच्या मांडीवर बसवलेली. घरात माणूस मावत नव्हतं, अंगणात मांडव, बँजो वाजत होता, मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. मला सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. ज्युलीने बाळाला नवऱ्याकडे दिलं आणि माझा हात धरून मला मागच्या पडवीत नेलं. तिथून समुद्र दिसत होता, ओहोटीचा, दूर गेलेला.

“बाय, एक इचारू?”

“इचार ना.”

“तवा फोन केलास, तवा मना का न्हाय इचारलास, गोठला होता का म्हून?”

सांगायला कारणं पुष्कळ होती. ती मी स्वतःला सहा महिने सांगत आले होते. पण तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना, आणि जे खरं होतं तेच निघालं.

“मना वाटला, तुला काय कलतंय.”

मला वाटलं, आता ही माझा हात सोडेल. तिने सोडला नाही. समुद्राकडे बघत उभी राहिली.

“मना पन तसाच वाटला,” ती म्हणाली. “मना काय कलतंय. म्हून मी बोलली न्हाय.”